तौलनिक साहित्य शिकायचे म्हणजे नेमके काय, आणि शिकून पुढे काय?

मराठीत आपण ज्या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याला हिंदीत आणि बंगालीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा, तेलुगूत नवल आणि उर्दूत नॉवेल. कन्नडमध्ये मात्र आपल्यासारखाच कादंबरी हा शब्द रूढ आहे. त्याच कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, आणि महाविद्यालयात शिकवणाऱ्या अधिव्याख्यात्याला तिकडे उपन्यासक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर हा साहित्यप्रकार भारतात आला, तेव्हा प्रत्येक भाषेने त्याचे बारसे आपापल्या परीने केले. मराठीने आणि कन्नडने बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथेचे, म्हणजेच तिच्या नायिकेचे नाव उचलून ते साऱ्या प्रकारालाच दिले. गुजरातीने इंग्रजी शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा आणि शिवाय नवलाईचा अर्थ देणारा शब्द घडवला. उर्दूने मूळ शब्दच जवळ केला. एकाच पाहुण्याची इतकी निरनिराळी नावे का पडली असावीत? केवळ मराठी साहित्य वाचणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने कादंबरी ही कादंबरीच असते. दोन-तीन भाषांमध्ये ये-जा असलेल्या वाचकाला मात्र तो पडल्याशिवाय राहत नाही, आणि जिथे तो पडतो तिथे तौलनिक साहित्याभ्यास सुरू होतो.

विषयाच्या नावातील 'तौलनिक' या शब्दामुळे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दोन लेखक समोरासमोर उभे करायचे, त्यांच्यातील साम्ये एका बाजूला आणि भेद दुसऱ्या बाजूला मांडायचे, आणि शेवटी कोण थोर याचा निकाल द्यायचा, असे अनेकांना वाटते. परीक्षेतील 'तुलना करा' या प्रश्नाने ही सवय आपल्याला लावलेली असते. विद्यापीठात शिकवला जाणारा विषय हा नव्हे. साहित्य एका भाषेच्या कुंपणात राहत नाही. त्याचे प्रकार, कथा, कल्पना आणि चळवळी एका भाषेतून दुसरीत जातात आणि जाताना बदलतात. त्या जाण्याचा आणि बदलण्याचा अभ्यास म्हणजे तौलनिक साहित्याभ्यास. साहित्य आणि चित्रपट, साहित्य आणि चित्रकला, साहित्य आणि इतिहास यांच्यातील देवाणघेवाणही याच कक्षेत येते. तुलना हे इथे साधन आहे. एकट्या भाषेत जे दिसत नाही, ते दिसावे म्हणून ती करायची असते.

कादंबरीचेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विधवांची स्थिती हा त्याचा उघड विषय होता. बंगालीत बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' 1865 मध्ये आली, आणि गुजरातीत नंदशंकर मेहता यांची 'करण घेलो' 1866 मध्ये. या दोन्ही लेखकांनी इतिहासाकडे धाव घेतली. उर्दूत नझीर अहमद यांचे 'मिरात-उल-उरूस' 1869 चे. त्यात दोन बहिणींच्या वागण्यातील फरकातून मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडलेली आहे. मल्याळममधील 'इंदुलेखा' 1889 ची. तिचे लेखक चंदू मेनन यांनी आधी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करायला घेतला होता, तो साधेना म्हणून सोडून दिला आणि स्वतःच एक कादंबरी लिहिली. तिची नायिका इंग्रजी शिकलेली आहे आणि लग्नाचा निर्णय तिला स्वतः घ्यायचा आहे. आता ही पाच पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. इंग्रजी कादंबरी वाचून सगळ्यांनी तिची नक्कल केली, असे म्हणून मोकळे होता येत नाही. मराठी, उर्दू आणि मल्याळम या एकमेकींपासून दूरच्या भाषांतील लेखकांना आपल्या पहिल्या-वहिल्या कादंबऱ्यांत स्त्रीचे शिक्षण, तिचे लग्न आणि तिचे वैधव्य हेच विषय का सुचले? बंगाली आणि गुजराती लेखक त्याच दशकात इतिहासाकडे का वळले? मराठीतही 1871 मध्ये रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी आली, ती या वाटेवरची की वेगळ्या वाटेवरची? या प्रश्नांची उत्तरे शोधायला मिशनऱ्यांची छापखानेदारी, सरकारी बक्षीस योजना, सुधारणेच्या चळवळी, मुद्रणाचा खर्च आणि वाचकवर्गाची घडण हे सारे तपासावे लागते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी जे शिकतो, त्याचा गाभा हा असा प्रश्न विचारता येणे आणि पुराव्यानिशी त्याच्या मागे जाणे हा आहे.

या विषयातील मला सर्वांत मोलाची वाटणारी शाखा म्हणजे स्वीकाराचा अभ्यास. एखादा लेखक परभाषेत कसा वाचला गेला, कोणामार्फत गेला आणि तिथे गेल्यावर कोण झाला, याचा हा शोध असतो. वि. स. खांडेकर यांचे नाव का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे तमिळ घराघरांत पोहोचले, आणि तमिळ वाचकांच्या एका पिढीला ते आपलेच लेखक वाटत. मराठी समीक्षेने खांडेकरांच्या ज्या अलंकारप्रचुर शैलीवर आणि ध्येयवादावर पुढे बरीच टीका केली, ते तमिळ वाचकाने कसे घेतले, हे जाणून घेतल्याशिवाय खांडेकरांविषयीचे आपले मतही अपुरेच राहते. उलट दिशेने पाहिले तर मामा वरेरकरांनी बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र मराठीत आणले, आणि पुढे एस. एल. भैरप्पा या कन्नड कादंबरीकाराचा मराठीत मोठा वाचकवर्ग तयार झाला. साने गुरुजींनी तुरुंगात तमिळ शिकून तिरुक्कुरळ मराठीत आणले, आणि भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. हा विषय आपल्याकडे परदेशातून आला असे म्हणताना ही परंपरा विसरता कामा नये.

प्रभाव आणि साम्य यांत फरक करायला शिकणे ही या अभ्यासातील अवघड, पण अत्यावश्यक पायरी आहे. मुंबईत 1972 मध्ये दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतलेले होते. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख इथल्या लेखकांना करून दिली होती. हा संबंध थेट आहे, त्याची कागदपत्रे आहेत. पण एवढ्यावरून दलित साहित्य म्हणजे कृष्णवर्णीय साहित्याची भारतीय आवृत्ती, असे म्हटले तर ते चूक ठरेल, कारण जात आणि वंश यांची रचना निराळी आहे आणि आंबेडकरी विचाराचा झरा इथलाच आहे. पुढे दया पवार यांचे 'बलुतं' हे आत्मकथन 1978 मध्ये आले, तमिळमध्ये बामा यांचे 'करुक्कू' 1992 मध्ये आणि हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकि यांचे 'जूठन' 1997 मध्ये. वाल्मीकि नोकरीनिमित्त अंबरनाथला आणि चंद्रपूरला राहिले होते, आणि मराठी दलित साहित्याशी त्यांचा परिचय तिथेच झाला. म्हणून मराठी ते हिंदी या वाटेवर पावलांचे ठसे स्पष्ट दिसतात. बामा यांच्या पुस्तकातील चर्चमधील जातिभेदाचा अनुभव मात्र वेगळ्या भूमीतून उगवलेला आहे, आणि त्याला मराठीचा प्रभाव म्हणण्याची घाई करणे म्हणजे त्या लेखिकेवर अन्याय करणे आहे. कुठे ठसा आहे आणि कुठे केवळ सारखी परिस्थिती आहे, हे ओळखण्याची नजर तयार व्हायला वेळ लागतो.

विषयाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर, जर्मन कवी गटे याने जानेवारी 1827 मध्ये एक चिनी कादंबरी वाचून झाल्यावर विश्वसाहित्याचा काळ जवळ आल्याचे आपल्या सहायकाशी बोलताना म्हटले होते. त्याच गटेला कालिदासाच्या शाकुंतलाने वेड लावले होते, आणि ते त्याच्या हाती आले ते विल्यम जोन्सच्या 1789 च्या इंग्रजी अनुवादावरून 1791 मध्ये झालेल्या जर्मन अनुवादातून. कलकत्त्यात 1907 साली राष्ट्रीय शिक्षण परिषदेत रवींद्रनाथांना तौलनिक साहित्यावर बोलायला सांगितले, तेव्हा या विषयाला आपण विश्वसाहित्य म्हणू, असे ते म्हणाले. त्या परिषदेच्या वारशातूनच जादवपूर विद्यापीठ उभे राहिले, आणि तिथे 1956 मध्ये कवी बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला. पुढे 1958 मध्ये रेने वेलेक या समीक्षकाने, कोणी कोणाकडून काय घेतले याच्या याद्या करणे म्हणजे साहित्याचा परदेशी व्यापार मोजणे होय, असा आक्षेप घेतला. 2003 मध्ये विदुषी गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी, ज्यांना त्या 'दक्षिण गोलार्धातील' म्हणतात त्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेसारख्या प्रदेशांतील भाषा नीट शिकल्याशिवाय हा विषय जिवंत राहणार नाही, अशी भूमिका घेतली. या दुसऱ्या मुद्द्यात मराठी विद्यार्थ्यासाठी मोठी आशा आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. एम.ए.च्या दोन वर्षांत साधारणपणे साहित्यसिद्धांत, भारतीय साहित्याचा तौलनिक इतिहास, एखाद्या साहित्यप्रकाराचा प्रवास, अनुवादाचा सिद्धांत आणि प्रत्यक्ष अनुवाद, मौखिक आणि लोकसाहित्य, साहित्य आणि इतर कला अशा विषयांच्या पत्रिका असतात, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एक प्रबंधिका लिहावी लागते. साहित्यप्रकाराचा प्रवास म्हणजे काय, हे गझलेवरून चटकन कळते. माधव ज्यूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी फारसी-उर्दूतील हा प्रकार मराठीत आणला, आणि सुरेश भटांनी तो मराठी वाचकाच्या ओठांवर रुजवला. मतला (पहिला शेर), काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द) यांचे नियम मराठीत पाळायचे, तर क्रियापद वाक्याच्या शेवटी येण्याची मराठीची सवय कवीच्या मदतीला येते, कारण 'होते', 'नाही', 'गेले' यांसारखे शब्द रदीफ म्हणून सहज बसतात. इंग्रजीत वाक्यरचनाच निराळी असल्यामुळे तिथे गझल लिहिणाऱ्याला याच जागी झगडावे लागते. एका प्रकाराने भाषा बदलली की भाषा त्या प्रकाराला काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते, हे वर्गात ओळीओळीने तपासले जाते.

हा विषय कुठे शिकता येतो? जादवपूरला पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण उपलब्ध आहे, आणि भारतातील या विषयाचे ते आद्यपीठ आहे. हैदराबाद विद्यापीठात तौलनिक साहित्याचे स्वतंत्र केंद्र आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात तौलनिक भारतीय साहित्याचा एम.ए. अभ्यासक्रम आहे. शांतिनिकेतनची विश्वभारती, गुजरातचे केंद्रीय विद्यापीठ, केरळचे केंद्रीय विद्यापीठ आणि सुरतचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ इथेही हा विषय शिकवला जातो. महाराष्ट्रात वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात तो हिंदीच्या अंगाने शिकता येतो. मुंबई विद्यापीठात गुरुदेव टागोरांच्या नावाचे तौलनिक साहित्याचे अध्यासन होते, आणि वसंत बापट व भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या लेखकांनी ते भूषवले. असे असूनही आपल्या राज्यात या विषयाची स्वतंत्र पदवी घेण्याच्या सोयी तोकड्याच राहिल्या, याची मला खंत वाटते. केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश सामान्यतः सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतात. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलत असल्यामुळे त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कोणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पुढचा प्रश्न पालक पहिल्यांदा विचारतात आणि विद्यार्थी बऱ्याचदा शेवटी: नोकरीचे काय? इथे गोडगोड बोलून उपयोग नाही. अध्यापन हा या शिक्षणाचा सरळ मार्ग समजला जातो, आणि तो मार्ग अरुंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत तौलनिक साहित्य हा स्वतंत्र विषय आहे, ही मोठी सोय आहे. त्यात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. पीएच.डी. करण्यासाठी हा सर्वांत भक्कम आधार आहे. सहायक प्राध्यापकाच्या नियमित पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 57,700 रुपयांपासून सुरू होते. अडचण आहे ती पदांची. या विषयाचे स्वतंत्र विभाग देशात मोजकेच आहेत, आणि मराठी, इंग्रजी किंवा हिंदी विभागात अर्ज केला तर 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' या अटीचा अर्थ निवड समिती कसा लावेल, याची खात्री देता येत नाही. तौलनिक साहित्याची पदवी 'संबंधित' मानावी की नाही, या एका शब्दावर चांगल्या उमेदवारांचे अर्ज छाननीतच बाद झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यात महाराष्ट्रातील महाविद्यालयांमध्ये तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या प्राध्यापकांची अवस्था सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. ज्याला महाराष्ट्रातच महाविद्यालयात शिकवायचे आहे, त्याने एम.ए. मराठी, इंग्रजी किंवा हिंदीत करावे, त्याच विषयात नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावे, आणि तौलनिक दृष्टी पीएच.डी.च्या विषयात आणावी. तौलनिक प्रबंध मराठी विभागातूनही लिहिता येतो, आणि असे अनेक चांगले प्रबंध लिहिले गेले आहेत. ज्याची देशात कुठेही जाण्याची तयारी आहे आणि ज्याला संशोधनच करायचे आहे, त्याने मात्र बिनदिक्कत जादवपूर किंवा हैदराबाद गाठावे, कारण तिथल्या वर्गात सात-आठ भाषांतून आलेले सोबती भेटतात, आणि त्यांच्याशी रोज होणारे वाद हे अर्धे शिक्षण असते.

अध्यापनाबाहेरच्या कामांमध्ये अनुवाद सर्वांत जवळचा आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पा आणि इतर कन्नड लेखक मराठीत आणले, ते कसे, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत, आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत लिहीत. एका घरात, एका टेपरेकॉर्डरच्या साहाय्याने, कन्नड साहित्याचे एक मोठे दालन मराठी वाचकासाठी उघडले गेले. यामागे कुठली पदवी होती त्यापेक्षा दोन भाषांचा कान होता, हे लक्षात घ्यावे. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की निव्वळ साहित्यिक अनुवादावर घर चालवणे आपल्याकडे फार थोड्यांना जमते. मराठी प्रकाशनव्यवहारात अनुवादकाला मिळणारे मानधन कष्टांच्या मानाने कमी असते. इंग्रजीत अनुवाद करणाऱ्यांची परिस्थिती अलीकडे किंचित बरी झाली आहे. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची 50,000 पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समसमान वाटली जाते, आणि तो 2022 मध्ये हिंदीतील गीतांजली श्री यांना व अनुवादक डेझी रॉकवेल यांना, तर 2025 मध्ये कन्नडमधील बानू मुश्ताक यांना व अनुवादक दीपा भास्ती यांना मिळाला. मराठीतून इंग्रजीत सकस अनुवाद करणारे हात अजूनही बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि मराठीत अनुवादाची वाट पाहणारी पुस्तके शेकड्यांनी आहेत.

अनुवादाच्या साहित्येतर कामात पैसा अधिक नियमित असतो. चित्रपट आणि मालिकांची उपशीर्षके लिहिणे, संवादांचे डबिंगसाठी रूपांतर करणे, अ‍ॅप आणि संकेतस्थळे मराठीत आणणे, कायदेशीर आणि शासकीय कागदपत्रांचे अनुवाद करणे, ही कामे मुंबई-पुण्यात भरपूर निघतात. राज्याच्या भाषा संचालनालयात आणि न्यायालयांत अनुवादकांची पदे असतात, मात्र त्यांच्या जाहिरातीतील शैक्षणिक अट अक्षरशः वाचावी लागते, कारण तिथेही पदवीच्या नावाचा प्रश्न येतो. उपशीर्षक लिहिणाऱ्याला दोन छोट्या ओळींत, पात्राचे वाक्य संपण्याच्या आत, अर्थ पोहोचवायचा असतो. मराठी संवादात सुनेने सासूला 'आई' म्हटले आणि त्याच प्रसंगात तिची स्वतःची आईही आहे, तर इंग्रजी उपशीर्षकात काय लिहायचे? एका शब्दात नाते, आदर आणि घरातील ताण सामावलेला असतो, आणि परभाषेतील प्रेक्षकाला तो कळला नाही तर प्रसंगच कोसळतो. तौलनिक साहित्याच्या वर्गात अशा प्रश्नांवर तासन्‌तास चर्चा केलेली असते, ती इथे उपयोगी पडते.

यंत्रानुवादामुळे हे सारे बुडेल का, अशी भीती विद्यार्थ्यांच्या मनात असते. सूचना, जाहिराती आणि माहितीपत्रके यांचा साधा अनुवाद यंत्र करू लागले आहे, आणि त्या कामाचे दर घसरत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. केंद्र शासनाने 2022 मध्ये भाषिणी हा भारतीय भाषांच्या अनुवादाचा उपक्रम सुरू केला, आणि खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत. यंत्राने केलेला मराठी अनुवाद तपासणारा, त्यात इंग्रजी वाक्याची हाडे कुठे दिसतात ते नेमके सांगणारा आणि ते का चुकले याचे कारण लिहून देऊ शकणारा माणूस मात्र त्यांना लागतो. केवळ 'कानाला बरोबर वाटत नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. कारण सांगता येणे हे शिक्षणाने येते.

प्रकाशनसंस्थांतील संपादन, हस्तलिखितांचे मूल्यमापन, परभाषेतील हक्कांची देवाणघेवाण, वृत्तपत्रांतील पुरवण्या, साहित्य महोत्सवांचे नियोजन, संग्रहालये आणि अभिलेखागारे, विश्वकोशासारखे प्रकल्प, ही आणखी काही क्षेत्रे आहेत. यांतील कुठल्याही ठिकाणी जाहिरातीत 'तौलनिक साहित्य' हे शब्द दिसणार नाहीत. तिथे पदवीपेक्षा केलेले काम विचारले जाते. म्हणून शिकत असतानाच दोन-तीन अनुवादित कथा, काही परीक्षणे आणि संपादनाचा थोडा अनुभव गाठीशी बांधावा. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जुन्या ग्रंथांचे जतन, संपादन आणि अनुवाद यांची कामे त्यातून निघावीत अशी अपेक्षा आहे, पण अपेक्षेवर आयुष्याची आखणी करू नये.

परदेशात जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत या विषयाची पीएच.डी. बहुधा विद्यावेतनासह असते आणि त्याबदल्यात काही काळ शिकवावे लागते, एम.ए.साठी मात्र अशी मदत क्वचितच मिळते, म्हणून कर्ज काढून परदेशी एम.ए. करण्याआधी दहादा विचार करावा. प्रवेशासाठी दोन-तीन भाषांमधील मूळ ग्रंथ वाचता येणे अपेक्षित असते, आणि स्पिवाक यांनी म्हटलेल्या त्या भाषांमध्ये मराठी येते. फ्रेंच आणि जर्मन वाचणारे अर्जदार तिथे पुष्कळ असतात. एकोणिसाव्या शतकातील मोडी कागदपत्रे वाचू शकणारा किंवा मराठी, कन्नड आणि फारसी या तिन्हींत वावरणारा विद्यार्थी विरळा. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात आणि त्यांना फारसा खर्च येत नाही.

एकूण या विषयाचे खरे भांडवल पदवीत नसून भाषांमध्ये आहे, आणि ते भांडवल आपल्याकडच्या कितीतरी मुलांना घरीच मिळालेले असते. सोलापुरात विणकर कुटुंबातील मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी शिकते, बाजारात कन्नड ऐकते आणि शेजारी दखनी उर्दू. हिंदीच्या पुस्तकात तिला उपन्यास म्हणजे कादंबरी असे शिकवतात आणि घरी आजोबा उपन्यासम् म्हणजे भाषण या अर्थाने बोलतात. गोव्यातील मुलाच्या कानावर कोकणी, मराठी आणि जुन्या पिढीचे पोर्तुगीज पडते. या मुलांना आपल्या भाषा 'मोडक्यातोडक्या' वाटतात, कारण त्या बोलता येतात पण वाचता येत नाहीत. त्यांना माझे सांगणे एवढेच की बी.ए.च्या तीन-चार वर्षांत त्यांतील एका भाषेची लिपी पक्की करावी आणि तिच्यातील कथांचे एक तरी पुस्तक मूळातून वाचून काढावे. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. तिथे दुसऱ्या साहित्याची निवड करावी.

आणि हा विषय आपल्याला मानवेल की नाही, हे प्रवेशाआधीच पाहायचे असेल, तर 'बलुतं'पासून सुरुवात करावी. गावाची कामे करणाऱ्याला वर्षाकाठी मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुतं. त्या शब्दात हक्क आहे आणि लाचारीही आहे. हिंदीत हे पुस्तक 'अछूत' नावाने आले. फ्रेंच अनुवादाच्या नावातही अस्पृश्य हाच शब्द पुढे आला. इंग्रजीत 2015 मध्ये जेरी पिंटो यांनी मात्र 'बलुता' हाच शब्द कायम ठेवला. मराठी आणि हिंदी पुस्तकांची पहिली दहा-दहा पाने समोरासमोर उघडून बसावे, शब्द बदलला त्या प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने खूण करावी, आणि नाव बदलल्याने वाचकाची नजर गावगाड्याच्या व्यवहारावरून हटून कशावर गेली, यावर दोन पाने लिहून पाहावीत. ती लिहिताना जेवणाची वेळ टळून गेल्याचे ध्यानात आले नाही, तर अर्ज भरावा.